गिरदावर थांबत नाही

आमच्या साडूभाऊंच्या शिट्टीवर जैनथपासून पैनगंगेच्या काठापर्यंत थांबलं नाही असं काही म्हणून उरलेलं नाही. अपवाद एकच, तो म्हणजे ज्याच्यासाठी ती शिट्टी आणली तो कुत्रा. ऑटो थांबलेली आहे, आणि आपलं गाव आलं समजून तिच्यातून तीन बायका पिशव्यांसकट उतरलेल्या आहेत. हेल्मेट न घातलेले मोटारसायकलवाले तर नुसते थांबत नाहीत, गाडी वळवून आल्या वाटेनं परत जातात. त्यातल्या एकानं घाईत वळताना गाडी साडूभाऊंच्याच कपाशीत घातली, आणि ती बाहेर ओढायला बैलही साडूभाऊंनीच दिले. एकदा रस्त्यानं वरात चालली होती. शिट्टी झाली तसा बँड थांबला, नाचणारे थांबले, घोडी थांबली. नवरदेवाचा मावसा तेवढा नाचत राहिला, कारण त्याला कमी ऐकू येतं. आणि या सगळ्या धावपळीत कुत्रा मात्र शेपटी वर करून, साडूभाऊंकडे ढुंकूनही न पाहता, ज्या दिशेला निघाला होता त्या दिशेला जात असतो.

यात माझाही थोडा दोष आहे, तो आधीच कबूल करतो. आदिलाबादेत माझं शालेय सामानाचं दुकान आहे आणि साडूभाऊंच्या सगळ्या शिट्ट्या माझ्या दुकानातून गेलेल्या आहेत. पितळी गेली, प्लास्टिकची गेली, आत मणी असलेली गेली, बिनमण्याची गेली. प्रत्येक वेळी 'हे शिट्टी काई बराबर नायी' म्हणून ते परत यायचे, जणू कुत्रा थांबत नाही ही मालातली खोट आहे. साडू हे नातंच तसं अवघड. दोघांना एकाच सासऱ्यानं पसंत केलेलं असतं, आणि सासऱ्याची चूक झाली असलीच तर ती दुसऱ्याच्या बाबतीत, अशी दोघांचीही मनातून खात्री असते. शिवाय माझी बायको त्यांच्या बायकोची धाकटी बहीण. म्हणजे साडूभाऊंना नाही म्हणणं हे थेट अक्कांना नाही म्हणण्यासारखं, आणि तेवढी छाती मला नाही. त्यामुळे दर रविवारी दुकान बंद ठेवून मी त्यांच्या शेतावर जायचो आणि दिवसभर एका कुत्र्याच्या शिक्षणाला हातभार लावायचो.

आता हे वेड लागलं कसं, ते सांगायला हवं. साडूभाऊंचं शेत हमरस्त्याला लागून आहे. कपाशी संपली की बांध, बांध संपला की डांबर, आणि डांबरावर नागपूर-हैदराबादचे ट्रक. त्यांच्याकडे पूर्वी लाल्या नावाचा एक गावठी कुत्रा होता. चार दिवाळ्यांमागे तो एका सशामागे धावत बांधावरून थेट रस्त्यावर गेला. साडूभाऊ तुरीत उभे राहून 'लाल्या, लाल्या' ओरडत होते. तो थांबला नाही आणि ट्रकही थांबला नाही. त्यानंतर आठ दिवस हा माणूस कुणाशी धड बोलला नाही. नवव्या दिवशी बोलला तो एवढंच, "आता कुत्रा ठेवीन तं मी म्हनल्याबराबर थांबनाराच ठेवीन." त्यांच्या तोंडून मी ऐकलेली तेवढीच एक प्रतिज्ञा. पुढे जे काही झालं, त्याला गाव हसलं, मीही पोट धरून हसलो, पण त्या सगळ्याच्या बुडाशी ही एवढी गोष्ट होती हे मला कायम ठाऊक होतं.

मग हैदराबादहून लेकीनं एक लॅब्राडोर पाठवला. तिच्या शेजाऱ्यांना घर बदलायचं होतं आणि नव्या घरमालकाला कुत्रा चालत नव्हता. पाच महिन्यांचं, पिवळसर रंगाचं, रुंद डोक्याचं आणि कायम भुकेलेलं पिल्लू होतं ते. लेक फोनवर म्हणाली, "बाबा, ही शिकारी लोकांची जात आहे. मालकानं बंदुकीनं बदक पाडलं की हा आणून देतो. आणि शिट्टी वाजवली की जिथे असेल तिथे बसतो." शेवटचं वाक्य ऐकून साडूभाऊंच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्यांनी पिल्लाचं नाव ठेवलं गिरदावर. निजामाच्या काळात गावोगाव फिरून पिकांची पाहणी करणाऱ्या महसुली साहेबाला गिरदावर म्हणत, आणि आमच्याकडचे जुने लोक अजूनही म्हणतात. पिल्लानं आल्या दिवशीच सगळ्या धुऱ्यांवरून, म्हणजे बांधांवरून, एक चक्कर मारून जागोजाग पाय वर केला, तेव्हा याहून योग्य नाव सुचणं कठीणच होतं.

लेकीनं मोबाइलवर काही व्हिडिओही पाठवले होते. त्यात तिरकी टोपी घातलेला एक गोरा म्हातारा हिरव्यागार माळावर उभा राहतो, पार लांब पळणाऱ्या कुत्र्याला एक लांब शिट्टी देतो, तळहात वर करतो, आणि कुत्रा जागच्या जागी बसून त्याच्याकडे पाहत राहतो. तो काय बोलतो ते साडूभाऊंना कळत नव्हतं. त्यामुळे त्यांनी त्यातलं महत्त्वाचं काय आणि बिनमहत्त्वाचं काय असा भेद न करता सगळंच उचललं. म्हाताऱ्याच्या डोक्याला टोपी, म्हणून यांच्या डोक्याला भर एप्रिलात माकडटोपी. आदिलाबादचा एप्रिल ज्यांनी पाहिला आहे त्यांना यातलं शौर्य कळेल. म्हातारा मधूनच मिशीवरून हात फिरवायचा, म्हणून साडूभाऊंनी मिशी राखली. आणि म्हाताऱ्याच्या काखेत बंदूक होती, म्हणून यांना बंदूक हवी झाली.

"साडूभाऊ," मी म्हटलं, "शिकारीला बंदी आहे. बंदूक घेऊन करता काय?"

"मले कोनाले माराचं हाये? कुत्र्याले वाटलं पायजे ना, का बा आपला मालक बी मानूस हाये."

म्हणून ते निर्मलला गेले आणि लाकडी खेळणी करणाऱ्या एका कारागिराकडून लाकडाची बंदूक करवून आणली. बंदूक हुबेहूब झाली होती. पण त्या माणसानं जन्मभर राघू, मोर आणि सीताफळं रंगवलेली. नुसत्या काळ्या रंगाची वस्तू हातावेगळी करणं त्याच्या जिवावर आलं असावं. त्यानं नळीवर सोनेरी वेल काढली, दस्त्यावर दोन हिरवे राघू बसवले आणि घोड्यापाशी एक कमळ काढलं. वर कुत्र्यानं आणून द्यायला म्हणून सहा लाकडी तितरं दिली, ती इतकी देखणी की अक्कांनी त्यातली तीन परस्पर काचेच्या कपाटात ठेवून दिली.

ही बंदूक काखेत मारून, माकडटोपी घालून साडूभाऊ जंगलाच्या कडेनं कुत्र्याला फिरवत असताना एका जंगल खात्याच्या माणसानं त्यांना लांबून पाहिलं. तो बिचारा पळसाच्या झाडाआड लपला आणि तिथूनच ओरडला, "ए! बंदूक नीचे रखो!"

"नीचे कैसे रखूँ साब," साडूभाऊ म्हणाले, "नया रंग है, मिट्टी लगेगी."

तो जवळ आला. राघू पाहिले, कमळ पाहिलं. मग त्यानं कुत्र्याचं नाव विचारलं. 'गिरदावर' ऐकल्यावर त्यानं डोक्यावरची टोपी काढून कपाळ पुसलं, आणि निर्मलमधल्या त्या कारागिराचा पत्ता लिहून घेऊन गेला.

शिक्षणाची पद्धत अशी होती. मी शंभर पावलांवर जाऊन उभं राहायचं आणि साडूभाऊंनी खूण केली की लाकडी तितर हवेत फेकायचं. "तुमी तितर व्हा," असं त्यांनी पहिल्या रविवारी सांगितलं आणि मी दोन वर्षं तितर झालो. गिरदावर तितराकडे सुटला की साडूभाऊंनी शिट्टी द्यायची, हात वर करायचा, आणि गिरदावरनं बसायचं. पहिल्या दोन गोष्टी अगदी चोख व्हायच्या. तिसरी झाली नाही. हातात भाकरीचा तुकडा धरला तर तो शिट्टीशिवायही बसायचा, हवं तितका वेळ बसायचा, पण तुकडा आणि त्याच्यात दहा पावलांचं अंतर पडलं की शिक्षण संपलं. कुत्रा हैदराबादचा, कदाचित त्याला आपली भाषा कळत नसेल, म्हणून साडूभाऊंनी शिट्टीच्या जोडीला 'थांब' म्हणून पाहिलं, हिंदीत 'रुक' म्हणून पाहिलं, तेलुगूत 'आगु' म्हणून पाहिलं, आणि शेवटी अदबीनं 'बसा साहेब' असंही म्हणून पाहिलं. चौथ्याला त्यानं शेपूट हलवली, एवढीच काय ती प्रगती.

अक्का ओट्यावरून हे सगळं पाहायच्या. "बत्तीस वर्स झाले," त्या मला म्हणाल्या, "यायनं मले एकडाव बी थांब म्हनलं नायी. मी माहेरी निंगाली तं पिशवी उचलून स्टँडावर नेऊन देत होते. अन् कुत्र्याले दिसभर थांब, थांब, थांब."

दुकानातल्या शिट्ट्या संपल्या तेव्हा मीच सुचवलं की तोंडानंच शीळ घालून पाहा. साडूभाऊंची शीळ फार गोड आहे. हलकी, लांबच लांब, कुठेही न तुटणारी. त्यांनी ती घातली आणि काय आश्चर्य, धावता गिरदावर गर्रकन वळला! साडूभाऊंनी आनंदानं माकडटोपी हवेत उडवली. पण तो बसला नाही. तो तडक माझ्याकडे आला, माझी पाण्याची बाटली उलटी केली आणि सांडलेलं पाणी चाटू लागला. पुन्हा शीळ घातली तर तो विहिरीवरच्या टाक्याकडे गेला. पुढल्या आठवड्यात पाहुण्यांकडच्या लग्नात साडूभाऊंनी मौजेनं शीळ घातली, तर तो मांडवातून, पंगतीमधून, वाढप्यांच्या पायांमधून धावत जाऊन पिण्याच्या पाण्याच्या पिंपात तोंड घालून उभा राहिला. वधूपक्षानं ते पिंप ओतून दुसरं भरलं आणि साडूभाऊंकडे जेवण होईपर्यंत बारीक नजर ठेवली.

"याले शुगर तं नायी ना?" साडूभाऊ काळजीनं म्हणाले. आम्ही त्याला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते, तेलुगू होते आणि सज्जन होते. त्यांनी रक्त तपासलं, सगळं ठीक आहे म्हणाले. "तहान कधी लागते?" त्यांनी विचारलं. "मी शीळ घातली का लागते, सार," साडूभाऊ म्हणाले. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचा गाई-म्हशींचा तक्ता वाचू लागलो.

उलगडा झाला तो एका संध्याकाळी, शेतातल्या गोठ्यात. साडूभाऊंनी बैल सोडले, चांद्या आणि लाख्या, आणि हौदावर आणले. बैलांनी पाण्याला तोंड लावलं तशी साडूभाऊंनी शीळ घातली, हलकी, लांबच लांब, कुठेही न तुटणारी. आमच्याकडे बैलाला पाणी पाजताना शीळ घालतातच. बाप घालायचा, आजा घालायचा, आणि शीळ घातली की बैल निवांत, पोटभर पितो. आणि त्या दोन काळ्या नाकांच्या मधोमध तिसरं पिवळसर डोकं हौदात घुसून लपलप पाणी पीत होतं. पाच महिन्यांचा असल्यापासून गिरदावर त्याच गोठ्यात बांधलेला असायचा. सकाळ-संध्याकाळ, न चुकता, साडूभाऊ त्याला शिकवत होते की ही शीळ म्हणजे पाणी. आणि दुपारी त्यालाच सांगत होते की ही शीळ म्हणजे थांब.

मी हे त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बैलाची शीळ येगळी, कुत्र्याची येगळी."

"मला तर एकच वाटते."

"तुमी दुकानदार हा," ते म्हणाले, "तुमाले काऊन समजंल?"

"अन् कुत्र्याला समजते?"

"त्याले समजली पायजे."

तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी बैलांना शीळ न घालता पाणी दाखवून पाहिलं. चांद्या आणि लाख्या हौदावर मान लववून उभे राहिले आणि तिरक्या डोळ्यांनी साडूभाऊंकडे पाहू लागले. एक मिनिट झालं, पाच झाले. पाण्याला त्यांनी ओठ लावला नाही. साडूभाऊंनी तोंडावर उपरणं दाबून धरलं. चांद्यानं एक मोठा उसासा सोडला. शेवटी साडूभाऊंनाच राहवलं नाही, आणि त्यांनी शीळ घातली तेव्हा चार जनावरांचा जीव भांड्यात पडला, साडूभाऊ धरून. गिरदावरचं शिक्षण त्या दिवशी संपलं असं मी धरून चाललो. साडूभाऊ मात्र पुन्हा पितळी शिट्टीकडे वळले, आणि रस्त्यानं जाणाऱ्या ऑटो पुन्हा थांबू लागल्या.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. कापसाची वेचणी चालली होती. बाया ओळीनं वेचत होत्या, मी धुऱ्यावर बसून लाकडी तितराची मोडलेली चोच चिकटवत होतो, आणि तुरीच्या ओळीतून एक ससा उठला. गिरदावर त्याच्यामागे सुटला. ससा निघाला बांधाकडे, म्हणजे रस्त्याकडे, आणि नागपूरकडून एक भरलेला ट्रक येत होता. साडूभाऊंनी गळ्यातली शिट्टी तोंडाला लावून जीव खाऊन फुंकली. वेचणाऱ्या बाया थांबल्या. रस्त्यावरची एक सायकल थांबली, मागची ऑटो थांबली. ट्रक थांबला नाही आणि गिरदावर थांबला नाही. ससा बांधावरून पलीकडे दिसेनासा झाला. साडूभाऊंच्या तोंडातून शिट्टी सुटून छातीवर लोंबू लागली. त्यांनी हाक मारायला तोंड उघडलं, पण आवाज निघेना. त्यांच्या चेहऱ्याकडे मला पाहवलं नाही. लाल्या गेला तेव्हा ते याच तुरीत उभे होते.

मग मला शीळ ऐकू आली. आधी नुसती हवा, मग फाटकी, मग हलकी, लांबच लांब. त्यांनी ती विचार करून घातली असं मला वाटत नाही. जीव घाबरा झाला की माणूस आपल्या जन्माच्या सवयीकडे जातो, तसं ते झालं असावं. गिरदावरचे पुढचे दोन पाय बांधावर चढले होते. त्याचे कान मागे वळले. मग तो अख्खा वळला. ट्रक मोठ्यानं हॉर्न वाजवत निघून गेला आणि गिरदावर कपाशी तुडवत, आमच्या दोघांच्या मधून, आमच्याकडे न पाहता सरळ गोठ्यातल्या हौदावर गेला.

आम्ही धावत त्याच्यामागे गेलो. तो पाणी पीत होता. साडूभाऊ हौदाच्या काठावर बसले. त्यांचे गाल ओले होते, आणि शीळ चालूच होती.

"साडूभाऊ, पुरे आता," मी म्हटलं, "आला तो."

त्यांनी हातानं मला गप्प केलं. जनावर पाण्यावर असताना शीळ मधेच तोडायची नसते. गिरदावर सावकाश, पोट टम्म होईपर्यंत पाणी प्यायला, मग त्यानं मान वर केली, नाक झटकून आमच्या दोघांच्या अंगावर शिंतोडे उडवले. तेव्हा कुठे ते थांबले.

"थांबला नायी पन," थोड्या वेळानं ते म्हणाले.

"नाही थांबला."

"वापस आला."

त्या दिवसापासून पितळी शिट्टी खुंटीला आहे. बंदूक बैठकीत देवाच्या फोटोशेजारी लावली आहे आणि येणारा-जाणारा राघूंची तारीफ करतो. या उन्हाळ्यात त्यांनी बैल विकले. स्वतःचे गुडघे ऐकेनात, नांगरट ट्रॅक्टरनंच व्हायला लागली, बैल नुसते उभे राहायचे. घेणारा यवतमाळकडचा होता. दोर त्याच्या हातात देण्याआधी साडूभाऊंनी त्याला हौदापाशी उभं केलं आणि शीळ घालून दाखवायला सांगितलं. त्यानं घातली. "अशी नायी," ते म्हणाले, "जरा लांब घ्या. तुटू देऊ नका." त्या परक्या माणसाला त्यांनी तासभर शिकवलं. गाडीत चढवायच्या आधी त्यानं शीळ घातली आणि चांद्या पाणी प्यायला, मगच त्यांनी दोर सोडला. बैल गेल्यावर साडूभाऊ दोन दिवस जेवले नाहीत, असं अक्का म्हणाल्या.

मागच्या रविवारी मी शेतावर गेलो होतो. गोठा रिकामा होता, हौद काठोकाठ भरलेला होता. गिरदावर सावलीत पाय पसरून झोपला होता, उठण्याच्या बेतात दिसत नव्हता. उन्हातून आलो म्हणून साडूभाऊंनी मला तांब्याभर पाणी दिलं. मी तांब्या तोंडाला लावला, आणि ते कपाशीकडे पाहत, आपल्याच नादात, हलकेच शीळ घालू लागले. मला खरं तर तेवढी तहान नव्हती. दोन घोटांनीच भागलं होतं. पण मी तांब्या खाली ठेवला नाही, सगळा पिऊन टाकला.